डायपर गळतो तो कुठून? सोलापुरात मिळणाऱ्या चार प्रकारांची पारख

मेडिकलच्या काउंटरवर ‘हा डायपर गळतो हो’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: मग याच्यापेक्षा भारीतला न्या. हा सल्ला सहसा चुकतो. गळलेला डायपर काढून नीट उघडून बघा, तो पुरता भरलेला क्वचितच सापडेल. मधला भाग टम्म फुगलेला, मागचा भाग कोरडा आणि एका मांडीकडची झालर आत दुमडलेली, हेच जास्त वेळा दिसतं. म्हणजे आत जागा होती, शू तिथवर पोचलीच नाही.

म्हणून या परीक्षणात गुण दिलेत ते तीन गोष्टींना, आणि याच क्रमाने: मांडीला आणि कमरेला नीट बसतो का, धार किती पटकन आत घेतो, आणि एका नगाची किंमत. मऊपणा, वास आणि पुढच्या अस्वलाच्या चित्राला शून्य.

आत काय असतं

कातडीला लागतं ते न विणलेलं पातळ कापड. त्याखाली बऱ्याच डायपरमध्ये निळसर किंवा हिरवट पट्टी दिसते. येणारी धार क्षणभर धरून लांबीत पसरवायचं काम तिचं. तिच्याखाली गाभा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे. शू लागली की याच दाण्यांची जेली होते. सगळ्यात बाहेर प्लॅस्टिकची फिल्म. आणि प्रत्येक मांडीला इलॅस्टिकच्या दोन झालरी: आतली उभी राहणारी, बाहेरची मांडीला टेकणारी.

हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितात, पण शू खारट असते. खारट पाण्यात हाच आकडा साधारण ३० ते ५० पटींवर येतो, आणि वरून बाळाचं वजन पडलं की आणखी घटतो. साध्या पाण्याचा तांब्या ओतून दाखवलेलं प्रात्यक्षिक म्हणून फसवं. शिवाय दाण्यांना प्यायला वेळ लागतो आणि धार काही सेकंदांत येऊन जाते. तेवढ्या वेळात ते पाणी आवरायचं काम झालरींनी करायचं असतं. झालर चुकली तर गाभा कितीही चांगला असो, दुपटं भिजणारच.

आता हिशोब. बाळाला ताशी, दर किलो वजनामागे साधारण २ मिली शू होते. ८ किलोच्या बाळाला रात्रीच्या ९ तासांत सुमारे १४५ मिली. मीडियम आकाराचा बरा डायपर सपाट ठेवून त्यात हळूहळू खारं पाणी घातलं तर याहून बरंच जास्त मावतं. तरीही रात्री गळतो, कारण एका वेळची ४०-५० मिली धार एकाच जागी पडते, आणि बाळ कुशीवर असेल तर ती जागा थेट मांडीच्या कडेला येते.

ओल कुठे आहे ते आधी बघा

मांडीच्या कडेने ओल असेल तर संशय झालरीवर. डायपर चढवला की दोन्ही मांड्यांच्या आतून बोट फिरवून झालर बाहेर काढायची. पाच सेकंदांचं काम, पण गळतीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं आमचं मत आहे. आतली उभी झालर मांडी आणि जांघेच्या घडीत बसली पाहिजे, मांडीच्या मधोमध नाही. एवढं करूनही बोट सहज आत जात असेल तर आकार मोठा झालाय.

इथे पॅकवरचे किलो फसवतात. बहुतेक कंपन्यांचे आकडे जवळपास सारखे आहेत: न्यूबॉर्न ५ किलोपर्यंत, स्मॉल ४ ते ८, मीडियम ७ ते १२, लार्ज ९ ते १४, एक्स्ट्रा लार्ज १२ ते १७. म्हणजे साडेनऊ किलोचं बाळ मीडियममध्येही बसतं आणि लार्जमध्येही. ठरवायचं मांडीच्या घेरावरून. हडकुळ्या बाळाला मीडियम, मांड्यांना वळ्या असलेल्याला लार्ज. ‘मोठा घेतला की जास्त मावेल’ म्हणून बारीक बाळाला लार्ज घालणारे घरोघरी आहेत, आणि कडेने गळतो म्हणून ओरडणारेही बहुधा तेच. उलट बाजूने, डायपर काढल्यावर मांडीवरचे इलॅस्टिकचे लाल वळ पंधरा-वीस मिनिटांत गेले नाहीत, किंवा मागची कड कुल्ल्यांच्या फटीपर्यंत उतरत असेल, तर वजन काहीही असो, पुढचा आकार घ्या.

पोटाकडून ओल येण्याची कारणं वेगळी. मुलगा असेल तर डायपर लावताना शूची जागा खाली वळवलेली असायला हवी. वर राहिली की धार सरळ कमरेच्या पट्टीवर जाते. पालथं झोपणाऱ्या बाळाचंही तेच. आणि मग आपल्याकडची खास कारणं, जी कंपनीच्या पत्रकात कधीच नसतात.

पहिलं, करगोटा. बाळाच्या कमरेचा काळा दोरा डायपरच्या इलॅस्टिकखाली आला की पट्टी तेवढ्या जागी उचलली जाते आणि फट राहते. त्यातून दोरा सुती असला तर अर्धा आत, अर्धा बाहेर राहून दिव्याच्या वातीसारखी ओल वर ओढतो, आणि डायपर निम्मा कोरडा असताना झबलं ओलं होतं. करगोटा काढायला आजी तयार होणार नाहीत, त्याची गरजही नाही. दोरा डायपरच्या पट्टीच्या वर सरकवायचा, एवढंच. चांदीचा असेल तर ओल ओढत नाही, पण फट तीच पाडतो.

दुसरं, झबल्याचं टोक. घाईत ते पट्टीत अडकतं आणि करगोट्याचंच काम मोठ्या प्रमाणावर करतं. डायपर लावून झाला की कमरेभोवती एकदा नजर फिरवा, आतलं कापड बाहेर ओढा.

तिसरं, मालिश. तेलाने माखलेल्या मांड्यांवर इलॅस्टिक घसरतं, टेपला तेलाचं बोट लागलं तर टेप धरत नाही, आणि वरच्या थराला तेल लागलं की शू आत झिरपण्याऐवजी वरून घरंगळते. न्हाऊ-माखू झाल्यावर जांघा आणि कंबर कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या, पाच-दहा मिनिटं बाळाला उघडं ठेवा, मग डायपर. पुरळासाठीच्या झिंक ऑक्साइडच्या मलमाचंही असंच. थापायचं नाही, लाल झालेल्या जागेवरच पातळ थर लावायचा. पावडर तर नकोच. ती जांघेत गोळा होते, आणि बाळाच्या नाकात जाते हे त्याहून वाईट.

चौथं, डायपर वाचवायला आत घातलेली लंगोटाची घडी. शू त्या कापडात अडकते, बाळ बसलं की पिळून निघते आणि कडेने बाहेर येते. गाभा कोरडाच्या कोरडा. कापड घालायचंच असेल तर बाहेरून.

मांडी आणि पोटानंतर गळतीचा तिसरा प्रकार म्हणजे पाठीवर चढलेली शी, आणि त्यावर उपाय कमी आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, तिच्यातले कण वरच्या कापडाची भोकं बुजवतात, त्यामुळे ती आत न जाता वाट मिळेल तिकडे सरकते. उताण्या बाळाला ती वाट पाठीकडे. मागच्या कमरेला इलॅस्टिक असलेला डायपर घ्या, मागची कड पुढच्यापेक्षा बोटभर वर ठेवून लावा, आणि टेप इतकीच आवळा की पोटाशी दोन बोटं जातील. जास्त आवळली तर पोट फुगल्यावर मागे फट पडते.

सगळीकडून सारखी ओल आणि डायपर दगडासारखा जड असेल, तर तो खरोखर भरलाय. शोषणक्षमतेचा प्रश्न खरा ठरतो तो फक्त इथे.

चार प्रकार

टेपचा डायपर. पाच-सहा महिन्यांपर्यंत आमची पसंती यालाच. कंबर आणि मांडी वेगवेगळी जुळवता येते, आणि शी झाल्यावर पायांवरून ओढत उतरवावा लागत नाही. लावताना तो बाळाखाली इतका सरकवा की टेपची पाती बेंबीच्या रेषेत येतील, आणि दोन्ही टेप एकाच उंचीवर चिकटवा. एक वर, एक खाली झाली की खालच्या बाजूची मांडी उघडी पडते. नाळ पडेपर्यंत पुढे खाच असलेला न्यूबॉर्न बघा. अडचण एवढीच की सोलापुरात पँटचा प्रकार इतका चालतो की लहान दुकानांत टेपचा न्यूबॉर्न सोडून पुढचे आकार सापडत नाहीत. नवी पेठ किंवा सात रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

पँट डायपर. पॅम्पर्स, हगीज, मॅमीपोको या नावांनी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो तो हाच. रांगणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या बाळाला दुसरा पर्याय नाही, कारण टेप लावेपर्यंत ते थांबतच नाही. कंबर मात्र जुळवता येत नाही, म्हणून आकार अचूक हवा. पुढचा-मागचा भाग तपासा. गुंडाळून चिकटवायची छोटी टेप असते तो भाग मागे. उलटा घातलेला पँट डायपर हे गळतीचं फार साधं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. काढताना दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडायच्या. शू झाली का बघायला सारखा खाली-वर केला तर फुगलेला गाभा मध्येच तुटतो, त्यापेक्षा पिवळ्याची निळी होणारी रेघ बघा. पण रेघ निळी म्हणजे ओल पोचली, डायपर भरला असं नाही. पहिल्याच शूला ती निळी होते. एकंदर, रात्रीसाठी आणि प्रवासासाठी हाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला निघणार असाल तर गाडीत बसायच्या आधी नवा घाला, आणि तो रोजच्याच आकाराचा.

सुटा डायपर. आठवडी बाजारात आणि काही होलसेल दुकानांत किलोवर किंवा पन्नास-शंभरच्या पारदर्शक पिशवीत मिळतो. त्यावर तारीख नसते, उत्पादकाचं नाव नसते, आकार फक्त ‘एम’ किंवा ‘एल’. सगळाच माल वाईट असतो असं नाही, पण एका पिशवीतले दोन नग सारखे निघतील याची खात्री नसते. घेण्याआधी एक नग उजेडासमोर धरा. गाभ्यात मध्येच गडद गोळे आणि मध्येच मोकळी जागा दिसली तर सोडून द्या. झटकल्यावर साखरेसारखे दाणे पडले तरी सोडून द्या. मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडा, लगेच परत आलं पाहिजे. इतकं पार पडलं तर दिवसा, घरात, दर दोन तासांनी बदलायच्या बोलीवर चालेल. रात्रीसाठी नाही. पुरळ उठणाऱ्या बाळाला तर दिवसाही नाही. एकवापर डायपरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७५०९. बंद पॅक घेताना निदान उत्पादकाचा पत्ता आणि तारीख वाचायला मिळते, सुट्यात तेवढंही नाही.

कापडी पॉकेट डायपर. बाहेर पाणी न झिरपणारं कव्हर, आत खिसा, खिशात शोषणाऱ्या कापडाची घडी. इथे सोलापूरकरांच्या हाताशी एक गोष्ट आहे: टेरी टॉवेल. सोलापुरी चादरीबरोबर इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्ही बाजूंना फासे असलेलं शुद्ध सुती टेरी हे पॉकेटच्या आतल्या घडीसाठी मायक्रोफायबरपेक्षा उजवं. मायक्रोफायबर पटकन पितं, पण बाळ बसलं की दाबाने सोडून देतं. सुती टेरी थोडं हळू पितं, धरून जास्त ठेवतं. अंदाजे ३० बाय ३० सेंटीमीटरचा नॅपकीन तीन घड्यांत दुमडला की १० बाय ३० ची पट्टी होते. दिवसा एका वेळी एक, झोपेच्या वेळी दोन. चाटी गल्लीत किंवा टॉवेलवाल्यांकडे घेताना ‘पूर्ण सुती’ असं विचारूनच घ्या. मिश्र धाग्याचा चकचकीत टॉवेल इथे निरुपयोगी.

नवा टॉवेल लगेच वापरला तर गळणारच. त्यातली खळ आणि कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा जायला चार-पाच धुणी लागतात. एक थेंब टाकून बघा, क्षणात आत गेला तर तयार. पुढे काही महिन्यांनी तोच टॉवेल पाणी घेईनासा होतो, तेव्हा दोष बोअरच्या जड पाण्याचा. क्षार आणि साबण मिळून धाग्यावर थर बसतो. साबण मोजून घाला, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, आणि महिन्यातून एकदा फक्त टॉवेल (कव्हर नाही) कडक गरम पाण्यात भिजवून, फेस निघायचा थांबेपर्यंत खळबळून घ्या. टॉवेल उन्हात, कव्हर सावलीत. सोलापूरच्या उन्हात कव्हरचा आतला थर लवकर तडकतो.

एवढं चांगलं असूनही याची सरसकट शिफारस करवत नाही, ती पाण्यामुळे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात रोजचे आठ-दहा टॉवेल धुणं परवडत नाही. घरी बोअर किंवा मोठी टाकी असेल तर दिवसा कापडी, रात्री पँट, ही जोडी खर्चात स्वस्त पडते.

घरी करायची चाचणी

नवा ब्रँड घेताना सगळ्यात लहान पॅक आणा आणि एक नग चाचणीवर खर्च करा. एक लिटर फिल्टरच्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा मीठ विरघळवा. बोअरचं पाणी नको, त्यातल्या कॅल्शियमने दाणे कमी फुगतात आणि चांगला डायपरही नापास होतो. पाणी अंगाइतकं कोमट असावं. जुन्या दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतातच. डायपर परातीत पाळण्यासारखा वाकवून ठेवा, एकाच जागी ५० मिली ओता, आणि वरचं पाणी दिसेनासं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच मिनिटांनी पुन्हा ५०, मग पुन्हा ५०.

पहिल्या वेळी सगळेच पास होतात. बघायचा तो तिसरा आकडा. तिसऱ्या वेळी पाणी मिनिटभर वर तरंगत राहिलं तर तो डायपर रात्री चालणार नाही, पॅकवर १२ तास लिहिलेलं असो वा नसो. मग कोरड्या टिश्यूंची जाड घडी वजन करून ठेवा, वर किलोभर तांदळाची पिशवी, एक मिनिट, आणि पुन्हा वजन. वाढलेले ग्रॅम म्हणजे बाळाच्या कातडीला परत लागणारी ओल. दोन ब्रँड ताडून बघायला याहून चांगली युक्ती नाही.

किंमत, साठवण आणि एप्रिल-मे

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुना माल जुन्या एमआरपीने दिला जात नाही ना, ते बघा. पॅकचा आकडा बघून भुलू नका, प्रति नग किंमत छापलेली असते ती वाचा. चार महिन्यांच्या बाळासाठी शंभर नगांचा स्मॉल घेऊ नका. तो संपायच्या आत मीडियम लागेल. न फोडलेला पॅक आकार बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर पॅक ठेवू नका, उष्णतेने टेपचा गोंद आणि इलॅस्टिक दोन्ही ढिले पडतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की घामाने कंबर आणि जांघा ओल्या राहतात, त्याला लोक गळती समजतात. ओल फक्त पट्टीखाली आणि बिनवासाची असेल तर तो घाम. दिवसातून दोन-तीन तास बाळाला मोकळं सोडा. आणि या दिवसांत डायपर कोरडा राहतोय म्हणून खूश होऊ नका. तान्ह्या बाळाला सहा-आठ तास शूच झाली नसेल, तर प्रश्न डायपरचा नाही, बालरोगतज्ज्ञांकडे जायचा आहे.

वापरलेला डायपर संडासात टाकू नका, दाणे फुगून पाइप तुंबतो. शी आधी संडासात झटका, डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधा, आणि घंटागाडीवाल्याला ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्या.